आधी मोजा, मग खोला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझ्याआधी बोललेल्यांपैकी कुणी पुण्याहून आलं, कुणी बंगळुरूहून, एक जण तर थेट परदेशातून. मी शाळेपासून दोन किलोमीटरवरून आलो. मलकापूरला महामार्गाच्या कडेला माझं गॅरेज आहे. त्या रस्त्याचा क्रमांक आपल्या लहानपणी ६ होता, आता ५३ झाला. क्रमांक बदलला, पण गाड्या बंद पडायच्या थांबल्या नाहीत, म्हणून माझं बरं चाललंय.

संयोजक म्हणाले, ‘आठवणी सगळेच सांगतात, तू तुझ्या कामातलं काहीतरी सांग.’ म्हणून मी एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. गाडी जुनी आहे, तिच्यात बसवलेलं यंत्र नवं आहे, आणि बिघाड शोधायची पद्धत याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलेली आहे.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. मुलांना सांगतो, ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळची इटलीची फियाट ११००. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती जुन्या सिनेमात पाहिली असेल. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि २० वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, तिची सेवा संपली.

आपल्या भागात ही गाडी डॉक्टर, वकील आणि जिनिंगवाल्यांकडे असायची. मी सांगतोय ती गाडी आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांची. ते मोताळ्याकडे डॉक्टर होते. रात्री-बेरात्री याच गाडीने खेड्यांवर जायचे. ते गेले, गाडी अंगणात उभी राहिली. मित्राने ठरवलं की ती पुन्हा चालती करायची आणि आईला तिच्यातून शेगावला न्यायचं. कुणीतरी सल्ला दिला, ‘कार्बोरेटर काढून टाक, इंजेक्शनचा संच बसव, नव्या गाडीसारखी चालेल.’ त्याने लाखाच्या वर खर्च करून संच मागवला आणि एका तरुण पोराकडून बसवून घेतला.

पुढचं सांगण्याआधी कार्बोरेटर आणि इंजेक्शन यातला फरक दोन वाक्यांत सांगतो. कार्बोरेटर म्हणजे आपल्या आईचा हात. पिठात पाणी किती घालायचं ते ती मोजत नाही, अंदाजाने घालते, आणि भाकरी बहुतेक वेळा जमते. हवा आत ओढली जाते, तिच्या ओढीने पेट्रोल येतं, बस. इंजेक्शनमध्ये एक छोटा संगणक बसलेला असतो. इंजिनात हवेचा दाब किती, पाणी किती गरम, पाय किती दाबलाय, धुरात प्राणवायू किती शिल्लक राहिला, या सगळ्याची खबर त्याला तारांमधून मिळते. मग तो ठरवतो की पेट्रोलचं तोंड सेकंदाच्या किती हजाराव्या भागाएवढं उघडायचं. हे तंत्र काही कालचं नाही. मर्सिडीजने १९५४ मध्येच ३०० एसएल या गाडीत यांत्रिक इंजेक्शन दिलं होतं आणि १९६७ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनच्या गाडीत आलं.

पण हा संगणक टेबलावर बसून पंचनामा करणाऱ्या माणसासारखा आहे. तो स्वतः शेतात जात नाही. समोर आलेल्या कागदावर जे लिहिलंय ते खरं धरून सही करतो. कागद खोटा असेल तर तो अगदी इमानदारीने चुकीचा निर्णय देतो. इंजेक्शनच्या गाडीत दहातले आठ बिघाड संगणकात नसतात, त्याच्याकडे खोटी खबर घेऊन येणाऱ्या तारेत किंवा नळीत असतात.

आता गोष्टीकडे वळतो. संच बसवला, गाडी छान चालली. मग मित्राने तिला डेंटिंग-पेंटिंगला दिलं. रंग होऊन आली आणि दुखणी सुरू झाली. कधी चावी फिरवली की स्टार्टर फिरायचा पण इंजिन पकडायचं नाही. उन्हाळ्यात बाजारात पंधरा मिनिटं उभी केली की सुरू होऊन लगेच बंद. राजूरच्या घाटात चढताना टाकीत पेट्रोल कमी असलं की हिसके. पेट्रोलचा वास, आणि सरासरी लिटरला सात किलोमीटर.

वर्षभरात चार मिस्त्री झाले. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल बदलली, तिसऱ्याने पंपाची जागा बदलली. चौथ्याने लॅपटॉप जोडून पेट्रोलचं प्रमाण इकडचं तिकडे केलं आणि शेवटी सांगितलं, ‘तुमचा संचच खराब आहे, दुसरा मागवा.’ आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की ज्या पोराने संच बसवला त्याला काही येत नव्हतं. मित्राने त्या पोराच्या मजुरीचे अठरा हजार रुपये अडवून ठेवले. ही बातमी तालुक्यात फिरली. पोराला काम मिळेना. त्याने पाना खाली ठेवला आणि मालवाहू गाडीवर हमाली सुरू केली.

गाडी दोरीने ओढत माझ्याकडे आली, तेव्हा मित्र म्हणाला, “पाहाय बाप्पा, तुझ्याच्यानं होते का. नाही त भंगारात देऊन टाकतो.”

इथे मला आपली प्रयोगवही आठवली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपले विज्ञानाचे सर निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहिणाऱ्याची वही परत करायचे, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्या चार मिस्त्र्यांनी नेमकं तेच केलं होतं. अनुमान आधी लिहिलं आणि निरीक्षणाचा रकाना कोराच ठेवला.

मी दोन दिवस गाडीला पाना लावला नाही. आधी मित्राला बसवून विचारलं. कधी बंद पडते, सकाळी की दुपारी, टाकी किती भरलेली असताना, रंगाच्या आधी की नंतर. सगळं वहीत उतरवलं. लिहून झाल्यावर दिसलं की दुखणं एक नाहीच, तीन आहेत. तीन दुखण्यांना एकच औषध शोधत असल्यामुळे कुणालाच ते सापडत नव्हतं.

पण त्याआधी एक काम केलं, ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. वास. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकीचं सगळं बाजूला. जुन्या पद्मिनीचा पंप इंजिनवर चालायचा आणि जेमतेम पाव बार दाब द्यायचा. इंजेक्शनच्या या संचाला तीन बार लागतात, म्हणजे दहा-बारा पट. पंप हलवताना जी नळी जोडली होती ती जुन्या कार्बोरेटरच्या जोडीची, साध्या रबराची होती. क्लिपपाशी ती घामेजल्यासारखी ओली होती, आणि हातभर अंतरावर सायलेन्सरचा गरम पाइप. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळी आतून फुगते, मग तडकते. १ जुलै २०२३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर अपघातानंतर बसला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताचा आणि या गाडीचा काही संबंध नाही. पण आग किती वेळ देते हे आपण पाहिलंय. ज्या गाडीतून आईला शेगावला न्यायचं, ती वर्षभर अशी फिरत होती. बॅटरीची तार काढली, नळी कापून फेकली, दाबाला आणि इथेनॉलला टिकणारी नळी आणि तसेच क्लिप बसवले, आणि मग पुढचं काम.

पहिलं दुखणं. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. संचाबरोबर एक छोटा पडदा येतो, त्यावर आकडे दिसतात. मी मित्राला चावी फिरवायला सांगितली आणि त्या पडद्याकडे बघत बसलो. स्टार्टर फिरताना पडदा विझायचा आणि पुन्हा उजळायचा. म्हणजे ऐन कामाच्या वेळी संगणकाला झोप लागत होती. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला, आणि स्टार्टर फिरवायला लावला. अर्थिंग चांगलं असेल तर इथे व्होल्टच्या पाव भागापेक्षा जास्त दिसायला नको. काटा दीड व्होल्टच्या पुढे गेला. बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने कसली होती तिथे खोलून बघितलं, तर पट्टीखाली छान चकचकीत रंग! रंगवाल्याने काम सुबक केलं होतं, बोल्टची जागासुद्धा सोडली नव्हती. पण रंगातून वीज जात नाही. कार्बोरेटरच्या गाडीला एवढ्याने काही झालं नसतं, स्टार्टर जरा सुस्त फिरला असता इतकंच. संगणकाला मात्र तेवढ्यानेच भोवळ येते. रंग खरवडला, पट्टी कसली, इंजिनपासून बॅटरीपर्यंत एक जाड तार वेगळी टाकली. खर्च तीनशे रुपयांच्या आत.

दुसरं दुखणं. गरम झाल्यावर बंद पडणं आणि घाटातले हिसके. इथे दाबाचं घड्याळ लावलं. थंड असताना तीन बार, काटा स्थिर. दुपारी गाडी उन्हात तापवून पुन्हा सुरू केली, तर काटा दोनच्या खाली येऊन थरथरायला लागला. पंप इंजिनच्या बाजूला पुढे बसवलेला होता, तिथून तो मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढत होता. विजेवर चालणारा हा पंप ढकलायला पहिलवान असतो, ओढायला कच्चा. लांबून ओढताना नळीत दाब कमी होतो, त्यात आपल्याकडचं घाटाखालचं मे महिन्यातलं ऊन. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. पूर्वी ड्रायव्हर लोक फियाटच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याच कारणाने. आणि घाटात? जुन्या टाकीत आडोसे नसतात. पेट्रोल कमी असलं की चढावर आणि वळणावर ते एका कोपऱ्यात धावतं, नळीचं तोंड उघडं पडतं. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा, तेवढ्यावर वळण निघून जायचं. इंजेक्शनला असा साठा नाही, हवेचा एक बुडबुडा आला की हिसका. पंप पुन्हा मागे, टाकीच्या खालच्या पातळीला नेला, आणि मध्ये लिटरभराची एक छोटी टाकी बसवली. ती नेहमी भरलेली राहते, मुख्य पंप तिच्यातून पेट्रोल घेतो, आणि उरलेलं पेट्रोल परतीच्या नळीने तिथेच येतं.

तिसरं दुखणं, सात किलोमीटरची सरासरी. प्लग काढले तर काजळीने काळे. पडदा मात्र सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय. प्लग आणि पडदा, दोघांपैकी एक खोटं बोलत होता. प्लगला खोटं बोलता येत नाही. म्हणून धुराच्या पाइपात बसवलेल्या सेन्सरच्या वाटेकडे गेलो. सकाळी इंजिन थंड असताना सुरू केलं, सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर धरलं आणि कान दिला. इंजिन आणि पाइपच्या जोडावर बारीक फुसफुस. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. धूर हिसक्या-हिसक्याने बाहेर पडतो, दोन हिसक्यांच्या मध्ये अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसते. तो संगणकाला कळवतो, ‘प्राणवायू जास्त आहे, पेट्रोल वाढवा.’ संगणक वाढवतो. पुन्हा तीच खबर, पुन्हा वाढवतो. फट शंभर-दीडशे रुपयांच्या गॅस्केटची, आणि पेट्रोल किती जळलं त्याचा हिशेब मित्राने करून बघितला नाही तेच बरं. गॅस्केट बदललं, चौथ्या मिस्त्र्याने लॅपटॉपवर केलेले बदल काढून मूळचे आकडे परत आणले. संच सुरुवातीपासून ठणठणीत होता. ही तीनही कामं मी एका दिवसात केली नाहीत. एक बदल करायचा, गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं, मग दुसरा. तीन बदल एकदम केले तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

गाडीचं काम झालं, पण एक गोष्ट राहिली होती. मी त्या पोराला बोलावून घेतलं. तो घाबरतच आला. मी विचारलं, “पंप कुठं बसवला होता रे तू?” त्याने मोबाइल काढला. काम चालू असताना त्याने फोटो काढून ठेवले होते. पंप मागे, टाकीजवळ. अर्थिंगची जागा घासून पांढरीशुभ्र केलेली, त्यावर पट्टी. दाबाची नळी योग्य जातीची. रंगाच्या वेळी पट्टी काढून रंगावर परत लावली गेली, आणि मागून पंपाचा आवाज येतो म्हणून तिसऱ्या मिस्त्र्याने तो पुढे आणला, मिळेल ती नळी जोडून. यातलं काहीच पोराने केलेलं नव्हतं. गॅस्केटचा फोटो मात्र बघून तो स्वतःच म्हणाला, “काका, हे माह्यावालंच हाय. सेन्सर बसवाले पाइप काढला होता, जुनंच गॅस्केट परत लावलं म्या.” तीनातला एक दोष त्याचा, तोही सगळ्यात स्वस्त. आणि त्याने तो कुणी विचारायच्या आधी कबूल केला.

मित्र तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अठरा हजार रुपये पाकिटात घालून पोराच्या घरी नेऊन दिले, आणि पोराच्या बापासमोर सांगितलं की काम चांगलं होतं. मित्रहो, आज तो या सभागृहात बसलाय, आणि हे सगळं सांगायला त्यानेच मला परवानगी दिली. पोरगा आता माझ्याकडे आहे. काकू शेगावला जाऊन आल्या. येताना खामगावच्या वेशीवर गाडी थांबवून चहा घेतला आणि ती पहिल्या चावीला सुरू झाली, असं त्यांनीच मला फोन करून सांगितलं.

हे सगळं शाळेच्या मेळाव्यात सांगण्याचं कारण वेगळं आहे. दोष शोधणं आणि दोषी शोधणं ही दोन कामं आहेत. दुसरं सोपं आहे, त्याला मीटर लागत नाही. आपल्याकडे मोटार बंद पडली, पीक गेलं, मुलगा नापास झाला, की आधी आपण माणूस धरतो. मोजमाप राहून जातं. आणि ज्याच्याजवळ फोटो नसतात त्याचं नाव कायमचं खराब होतं.

मुलांसाठी आणखी एक गोष्ट. इंजेक्शन ही आता हौशी लोकांची वस्तू राहिली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि गावोगावच्या साध्या मोटारसायकलीतसुद्धा कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर एक मिस्त्री बसलेला असतो. त्याच्या हातात कसब आहे, कान तयार आहे. पण मीटर फार थोड्यांकडे आहे. तो कार्बोरेटर डोळे झाकून साफ करायचा, आणि आता तीच गाडी त्याला ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणून परत पाठवावी लागते. त्या कामासाठी नवी विद्या लागत नाही, शाळेतला ओहमचा नियम पुरतो. फक्त तो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो, बोल्टखालच्या रंगाशी त्याची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण माजी विद्यार्थी शाळेला प्रवेशद्वार, पाण्याची टाकी, रंगरंगोटी देतो, ते चांगलंच आहे. यंदा प्रयोगशाळेला वीस मल्टिमीटर देऊ. एक साधा मीटर पाचशे रुपयांत येतो. पहिले पाच माझ्याकडून. गॅरेजमध्ये पडून असलेलं एक जुनं इंजिनही मी शाळेत आणून ठेवतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर महिन्यातून दोन शनिवार मी आणि तो पोरगा येऊन नववीच्या मुला-मुलींना बिघाड शोधायला लावू. इंजिनमधला बिघाड आम्ही मुद्दाम करून ठेवू, कुठे आहे ते सांगणार नाही. प्रयोगवही मात्र पूर्ण भरायची, आणि निरीक्षणाचा रकाना आधी.

ज्यांना या कामात हात लावायचा आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं.